भाड्याने नेलेला झुंजार

बाबूराव अर्नाळकरांनी पुस्तकं किती लिहिली, असं कुणी विचारलं की उत्तर हजाराच्या पुढेच सुरू होतं. खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. गाव वसईजवळचं अर्नाळा, म्हणून अर्नाळकर. जन्म 1906, मृत्यू 1996. मुंबईत त्यांचं चष्म्याचं दुकान होतं, आणि त्याच काळात महाराष्ट्रातली घरंच्या घरं झुंजार, काळा पहाड आणि धनंजय-छोटू यांच्या मागे धावत होती. लेखनाची वर्षं ढोबळ 40 धरा. वर्षाला 25 पुस्तकं, म्हणजे 15 दिवसांना एक. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात दोन आठवड्यांच्या कामाला स्प्रिंट म्हणतात. तेवढ्यात आम्ही एक बटण डावीकडून उजवीकडे नेतो आणि दमतो. हा माणूस तेवढ्यात एक खून पाडायचा, तो उलगडायचा आणि पुढच्या खुनाला लागायचा.

हा आकडा नेहमी चमत्कार म्हणून सांगितला जातो. मला तो हिशेब म्हणून बघावासा वाटतो.

मराठीत रहस्यकथा अर्नाळकरांच्या आधीपासून होती. गोविंद नारायणशास्त्री दातार यांनी इंग्रजीतल्या रेनॉल्ड्ससारख्या लेखकांना मराठी कपडे चढवले होते. पण रहस्यकथेचा कारखाना उभा राहिला तो अर्नाळकरांच्या काळात. छोटा आकार, स्वस्त कागद, भडक मुखपृष्ठ. आणि या पुस्तकांचा खरा संसार दुकानात नव्हताच, तो भाड्याच्या लायब्रीत होता. थोडं डिपॉझिट, दिवसाचं भाडं काही पैसे, उशीर झाला की दंड. मोठ्या शहरात गल्लीबोळांत, छोट्या गावात किराणा नाहीतर वह्या-पेन्सिलींच्या दुकानाच्या एका फळीवर. एक पुस्तक घरी आलं की ते एकटा कधीच वाचत नसे. नेणारा एक, वाचणारे पाच.

गंमत म्हणून गणित करू. एक प्रत दिवसाआड बाहेर गेली, तर वर्षात दीडशे-पावणेदोनशे वेळा गेली. घरातले दोघं जरी धरले तरी साडेतीनशे वाचक. लेखकाच्या खात्यात किती? विक्री एक. त्यातही या धंद्यात हस्तलिखित एकरकमी विकून टाकण्याचा रिवाज होता, म्हणजे त्या एका विक्रीचाही पुढे संबंध उरत नाही. मग लेखकाला जास्त कमवायचं तर रस्ता एकच: जास्त लिहा. तो हजाराचा आकडा मला म्हणूनच थोडा अस्वस्थ करतो. त्यात प्रतिभा आहेच, पण घर चालवण्याची घाईही असणार.

आणि वाचक? तो कोण, कुठला, कुठल्या पानावर दचकला, हे लेखकाला कळायची सोयच नव्हती. मधे लायब्रीवाला बसलेला. कुणाला काय आवडतं हे त्यालाच पाठ. ‘नवीन झुंजार आलाय, तुमच्यासाठी बाजूला ठेवलाय,’ हे तो सांगायचा, लेखक नाही. चष्मा बदलायला अर्नाळकरांच्या दुकानात आलेल्या कितीजणांचे डोळे त्यांचीच पुस्तकं रात्री चिमणीच्या उजेडात वाचून बिघडले असतील, याची कल्पना करायला मला आवडतं.

इंग्लंडात वाचकाच्या हातात निदान एक हत्यार होतं. कॉनन डॉयलने 1893 मध्ये शेरलॉक होम्सला धबधब्यात ढकलून संपवलं, तेव्हा ‘स्ट्रँड’ मासिकाच्या 20,000 हून जास्त वर्गणीदारांनी मासिक सोडलं, असं सांगतात. डॉयलला ती चपराक पोहोचली. 1903 मध्ये होम्स जिवंत परत आला. आपल्याकडच्या भाडेकरू वाचकाकडे सोडायला वर्गणीच नव्हती. तो रागावला तर फार तर त्या दिवशी दुसरं पुस्तक नेणार.

दुसरं उदाहरण आमच्या भागाला जास्त जवळचं आहे. मी सिरसाळ्याचा, परळी तालुका, जिल्हा बीड. हा मुलूख 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि शाळा-कचेऱ्यांची भाषा उर्दू होती. त्यामुळे मराठवाड्यातल्या त्या पिढीतल्या बऱ्याच जणांना दोन खिडक्या उघड्या होत्या. एकीतून मुंबईचा झुंजार यायचा, दुसरीतून इब्ने सफींचे फरीदी आणि हमीद. इब्ने सफी यांची ‘जासूसी दुनिया’ 1952 मध्ये अलाहाबादेतून सुरू झाली. त्याच वर्षी ते कराचीला गेले, तरी पुस्तकं दोन्ही देशांत निघत राहिली. त्यांची एक सवय होती. प्रत्येक पुस्तकाच्या सुरुवातीला ‘पेशरस’ नावाचं छोटं टिपण. त्यात ते वाचकांशी बोलत, पत्रांना उत्तरं देत, टोमणे मारत. 1960 च्या सुमारास मानसिक आजाराने त्यांचं लेखन तीन वर्षं थांबलं. 1963 मध्ये ‘डेढ मतवाले’ घेऊन ते परतले, तेव्हा भारतातलं प्रकाशन पुढे पंतप्रधान झालेल्या लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झालं. दोन पानांच्या त्या टिपणांनी काय साधलं बघा. लेखक आजारी आहे हे वाचकाला माहीत होतं, आणि तो वाट बघत होता.

आमच्याकडे वाट बघायची ती शेवटच्या पानांची. भाड्याच्या रहस्यकथेचा ठरलेला आजार म्हणजे मागची पानं गायब. खुनी कोण हे ज्या आठ पानांत, तीच नेमकी फाटलेली. गावातल्या मोठ्या माणसांकडून मी ऐकलंय, की मग पारावर बसून शेवट रचला जायचा. प्रत्येकाचा खुनी वेगळा. कुणी म्हणे दिवाणजी, कुणी म्हणे सावत्र भाऊ, आणि एक आजोबा प्रत्येक पुस्तकात डॉक्टरवरच संशय घ्यायचे. ऊसतोडीच्या हंगामात निम्मं गाव कारखान्यांकडे गेलेलं असलं की हा खटला तहकूब. हे वाचन कुठल्याही नोंदवहीत नाही. समीक्षेतही नाही, कारण ‘रहस्यकथा’ म्हटलं की आपल्या समीक्षकांनी बराच काळ दारच लावून घेतलं होतं. अर्नाळकरांनी मराठी माणसाला वाचायला लावलं हे वाक्य सगळे म्हणतात, पण ते म्हणताना सूर असा असतो, की पुढे तो माणूस ‘खरी’ पुस्तकं वाचायला लागला म्हणून याला माफ केलं.

हे दार ढकलून बघणारा लेखक म्हणजे सुहास शिरवळकर. जन्म 1948, पुणे. सुरुवात रहस्यकथांपासून: दारा बुलंद, मंदार पटवर्धन, फिरोज इराणी, बॅरिस्टर अमर विश्वास. मग ते सामाजिक कादंबरीकडे वळले आणि ‘दुनियादारी’ लिहिली. वाचकांनी त्यांचं ‘सुशि’ करून टाकलं. मराठीत आद्याक्षरं मिळतात ती बहुधा अभ्यासक्रमातल्या लेखकांना, पुलं किंवा जीए यांना. शिरवळकरांना ती कॉलेजच्या पोरापोरींनी दिली. रहस्यकथेतून आलेल्या लेखकाला वाचक नावानिशी भेटायला लागला, हा बदल मला त्यांच्या कुठल्याही कथानकापेक्षा मोठा वाटतो. 2003 मध्ये वयाच्या 54 व्या वर्षी ते गेले. ‘दुनियादारी’ सिनेमा आला 2013 ला, ‘समांतर’ ही वेबमालिका 2020 ला. माझ्या वयाच्या कितीतरी जणांना सुशि सापडले ते पडद्यावरून, नंतर मोबाइलवर, आणि मग छापील प्रतीत. एवढे नवे वाचक आले, तेव्हा भेटायला लेखक नव्हता.

गुरुनाथ नाईकांच्या वाट्याला याहून कडू गोष्ट आली. कॅप्टन दीपसारखे नायक आणि 1200 हून जास्त कादंबऱ्या. एसटीच्या प्रवासात, वसतिगृहांत, बराकीत वाचला गेलेला लेखक. शेवटच्या वर्षांत त्यांच्या आजारपणाच्या आणि पैशाच्या ओढाताणीच्या बातम्या वर्तमानपत्रांत आल्या. नोव्हेंबर 2021 मध्ये ते पुण्यात गेले. बाराशे पुस्तकं गुणिले एका प्रतीचे शेकडो वाचक, हा गुणाकार करा आणि त्या बातम्या पुन्हा वाचा.

याला काही इलाज होता का? होता, आणि तो जुना आहे. डेन्मार्कने 1946 मध्ये ठरवलं, की ग्रंथालयातल्या पुस्तकांबद्दल लेखकाला सरकारने पैसे द्यायचे. ब्रिटनने 1979 मध्ये तसा कायदा केला, 1984 पासून पैसे मिळू लागले. तिथे पुस्तक किती वेळा नेलं गेलं यावर रक्कम ठरते, आणि नामवंतांनीच सगळं नेऊ नये म्हणून एका लेखकाला वर्षाला किती हे बांधून दिलेलं आहे. तिकडच्या याद्यांत सर्वाधिक नेल्या जाणाऱ्यांत रहस्यकथाकार कायम वर असतात. भारतात असा कायदा नाही. महाराष्ट्रात 1967 चा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम आहे. त्याने अ, ब, क, ड वर्ग पाडले, अनुदान दिलं, आणि गावागावांत वाचनालयाची पाटी लागली. ते मोठं काम आहे, आमच्यासारख्या गावांना त्याचा उपयोग झाला. पण त्या हिशेबात ग्रंथालय आहे, लेखक नाही. आणि फळीवरच्या भाड्याच्या लायब्ऱ्या तर कुठल्याच हिशेबात नव्हत्या.

आता ऑडिओबुकच्या अ‍ॅपला सगळं कळतं: किती मिनिटं ऐकलं, कुठे थांबवलं, कुठे मागे जाऊन पुन्हा ऐकलं. तांत्रिक अंगाने हे काही अवघड काम नाही, असे मोजणारे कोड लिहिण्यातच माझा दिवस जातो. अवघड आहे ते जुनं मोजणं. त्याचा एकच पुरावा उरलाय. जुन्या वाचनालयांतल्या प्रतींच्या मागच्या पुठ्ठ्याला चिकटवलेला तारखांचा कागद, शिक्क्यावर शिक्का, कधी कधी एकावर एक तीन कागद. पुस्तकं जीर्ण झाली की ती बाद होतात आणि रद्दीत जातात. रहस्यकथा तर आधी जातात, कारण त्याच सगळ्यात जास्त फाटलेल्या असतात.