हिस्टॅमिनरोधकांची पहिली पिढी आणि भोर-वेल्ह्याचा डोंगरपट्टा

पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे (आता राजगड) तालुक्यांत अंगावर गांधी उठल्या की ‘पित्त उठले’ असे म्हणतात. आधुनिक वैद्यकानुसार त्यामागे पित्त नसून शरीरातील मास्ट पेशींत साठलेले हिस्टॅमिन असते. ते सुटले की सूक्ष्म रक्तवाहिन्या पाझरतात, त्वचा सुजते, खाज व शिंका येतात. १९३७ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत डॅनिएल बोवे व अ‍ॅन-मारी स्तोब यांनी त्याला रोखणारे संयुग दाखविले. परंतु ते रुग्णास देण्याइतके निर्धोक नव्हते. वापरण्याजोगी औषधे १९४० च्या दशकात आली. बोवे यांना १९५७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

ही औषधे हिस्टॅमिन नष्ट करीत नाहीत; ते पेशीवरील ज्या ग्राहीवर कार्य करते, तो ग्राही अडवून धरतात. म्हणूनच अ‍ॅलर्जीचे कारण कायम राहून लक्षणे तेवढी शमतात. क्लोरफेनिरामिनसारखी पहिल्या पिढीची औषधे मेंदूतही शिरतात व जागृती राखणाऱ्या हिस्टॅमिनला अडवितात. गोळीनंतरची गुंगी त्यामुळेच.

या यशातून एक गल्लतही झाली. विंचूदंशावर हिस्टॅमिनरोधके देण्याची प्रथा महाराष्ट्रात रूढ होती. प्रोमेथाझिन हे पहिल्या पिढीचे औषध असलेले ‘लायटिक’ मिश्रणही दिले जाई. भोरहून वरंध घाट उतरला की महाड लागते. तेथे १९७० च्या दशकापासून डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाचे रुग्ण बारकाईने अभ्यासले. हा मुळात अ‍ॅलर्जीचा प्रकारच नव्हे. विषामुळे अ‍ॅड्रेनॅलिनवर्गीय द्रव्यांचा पूर लोटतो, हृदयावर ताण येतो व फुफ्फुसांत पाणी साचते. हिस्टॅमिनचा ग्राही अडवून हे कसे थांबावे? बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबावरील औषध वापरले. १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याविषयी लिहिले. गंभीर रुग्णांतील मृत्यूंचे प्रमाण पूर्वी सुमारे ३० टक्के असे. ते पुढे ४ टक्क्यांच्याही खाली आले. एका ग्रामीण डॉक्टरचे हे निरीक्षण कोणत्याही प्रयोगशाळेच्या शोधाहून कमी मोलाचे नाही.

मधमाशीच्या दंशाने मात्र खरी अ‍ॅलर्जी उद्भवू शकते. त्यातील गांधी व खाज या गोळीने शमते. पण श्वास कोंडला वा रक्तदाब उतरला, तर प्रथम अ‍ॅड्रेनॅलिनचे इंजेक्शनच हवे. गोळीचा परिणाम दिसू लागण्यास अर्धा-पाऊण तास लागतो, आणि तोरण्याच्या पायथ्याच्या वाडीवरून दवाखाना गाठण्याचा वेळही त्यातूनच जातो.