बुडणाऱ्या पेद्रूची हाक

२९ जूनला गोव्यात सां पेद्रूचं फेस्त असतं. कांदोळीच्या ओर्ड्याला त्या दिवशी होड्या एकमेकींना बांधून त्यावर मांडव उभारतात. हाच सांगोड. वर पाऊस, खाली गाणी आणि वाजप. बऱ्याच वर्षांपूर्वी तिथं एका म्हाताऱ्या रापणकाराला मी विचारलं, एवढ्या संतांत पेद्रूच का? तो म्हणाला, "बाबा, तो दर्यांत बुडपाक लागिल्लो. देखून तो आमचो."

मी हिंदू घरातला, पण ते वाक्य मनातून गेलं नाही. शुभवर्तमानातली कथा तशीच आहे. येशूकडे पाण्यावरून चालत निघालेला पेत्र वारा पाहून भ्याला, बुडू लागला आणि ओरडला. त्या हाकेत स्तोत्र नव्हतं, पुण्याईचा हिशेब नव्हता. पुढं, 'तुला सोडणार नाही' म्हणणाऱ्या याच माणसानं कोंबडा आरवण्याआधी तीनदा ओळख नाकारली आणि मग तो रडला. ख्रिस्ती प्रार्थनेचं मर्म मला इथं दिसतं. आपलं बळ संपलं हे कबूल केल्यावरच ती सुरू होते.

या पेत्रावर गोव्यात मराठी पुराण झालं, हे आपल्यातल्या पुष्कळांना माहीत नसेल. एतिएन द ला क्रुआ या फ्रेंच जेझुइटानं ओवीबद्ध रचलेला हा ग्रंथ १६२९ ते १६३४ च्या दरम्यान गोव्यात छापला गेला. त्याआधी, १६१६ मध्ये, इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण राशोलला रोमन लिपीत छापून झालं होतं. त्याच्या प्रारंभी एक प्रसंग आहे. जुनी पुराणं बंद केलीत, मग आमच्यासाठी तशी काही का करत नाही, असं एक ब्राह्मण विचारतो. नव्या ख्रिस्ती माणसाची अडचण यात नेमकी आलीय. देवाला हाक मारायची, पण ओळखीचे शब्दच उरले नव्हते. ओवीनं ते परत दिले.

पण एवढ्यावर थांबलो तर ते अर्धसत्य होईल. १५६७ साली साष्टीतली देवळं पाडली गेली. आमचं कुलदैवतही त्याच काळात झुआरीपलीकडं अंत्रुजात गेलं. पेत्राच्या पुराणात हिंदू देवतांचं कडक खंडनही आहे. दुर्बळाच्या हाकेची कथा सांगणाऱ्यांच्या पाठीशी राजसत्ता होती, हे वाचताना टोचतं. आणि त्याच सत्तेनं १६८४ साली फर्मान काढलं की, स्थानिकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावं. म्हणजे हाक मारायचे शब्द दुसऱ्यांदा काढून घ्यायचा घाट.

तो काही तडीस गेला नाही. माझ्या लहानपणी दिवेलागणीला आमच्या घरी शुभंकरोति चाले, तेव्हा शेजारच्या घरातून कोंकणी तेर्साचा स्वर येई. आजी म्हणायची, "हळू म्हणा रे, त्यांचंही चाललंय." फर्मान काढणारे गेले. हाक मात्र घरातल्या भाषेत राहिली. पेद्रू 'आमचो' का, हे त्या रापणकाराला पुराण न वाचताच कळलं होतं. मला ते कळायला एवढे कागद चाळावे लागले.