तळटीप : बोटामागे फिरणारे डोळे

१८ जुलै २०२२ रोजी इंदूरहून अमळनेरला निघालेली एसटी धार जिल्ह्याच्या हद्दीवर, खलघाटच्या पुलावरून नर्मदेत कोसळली. अशा घटनेचा धसका घेतलेल्या माणसाला पुढे कुठलाही पूल दिसला तरी दरदरून घाम फुटतो. अशा भीतीवरचा, 'बोट हलवून भीती काढणं' असं ज्याला म्हणता येईल, तो एक उपचार म्हणजे ईएमडीआर. अमेरिकन मानसतज्ज्ञ फ्रान्सिन शापिरो यांनी तो १९८७पासून विकसित केला. रुग्णाने सर्वांत त्रासदायक क्षण डोळ्यांसमोर आणायचा आणि त्याच वेळी उपचारकाच्या डावी-उजवीकडे हलणाऱ्या बोटामागे साधारण अर्धा मिनिट नजर फिरवायची. मग थांबून मनात काय आलं ते सांगायचं, पुन्हा तेच. एकाच वेळी दोन कामं पडल्याने ते चित्र फिकं होतं, त्याची धार बोथट होते, असं एक स्पष्टीकरण आहे. आठवण मात्र पुसली जात नाही. खरा गुण डोळ्यांच्या हालचालीचा की आधार देत आठवायला लावण्याचा, यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. तरी २०१३ साली जागतिक आरोग्य संघटनेने हा उपचार शिफारशींत घेतला. मोहिनीविद्येशी याचा संबंध नाही, आणि मोबाइलवर पाहून घरी करण्याजोगाही तो नाही. – संपा.