केसांमधली लॉग फाईल

परवा आईचा जुना पाऱ्याचा थर्मामीटर फुटला. फरशीवर चंदेरी मणी पळायला लागले आणि घरात एकच धावपळ! बायकोला पाचवा महिना चालू आहे, त्यामुळे आईने तिला आधी बाहेर पिटाळलं. मी खिडक्या उघडल्या, कागदावर मणी गोळा करून झाकणाच्या बाटलीत भरले आणि मग नेहमीप्रमाणे गूगलबाबाला शरण गेलो. अख्खा वीकांत त्यातच गेला.

पहिला धक्का म्हणजे, थर्मामीटरमधला पारा चुकून गिळला तर तो बहुतेक सगळा तसाच्या तसा बाहेर पडतो. आतडं त्याला जवळजवळ शोषतच नाही. धोका त्याच्या वाफेचा. श्वासातून गेलेल्या वाफेपैकी सुमारे ८० टक्के पारा शरीरात राहतो. म्हणजे खिडक्या उघडल्या ते बरंच केलं. पण पाऱ्याचं खरं भयंकर रूप वेगळंच आहे, मिथाइल मर्क्युरी. त्याची गोष्ट इराकमधली.

दुष्काळाने पिकं गेली म्हणून १९७१ मध्ये इराकने परदेशातून बियाणं मागवलं. त्यात सुमारे ७३ हजार टन गहू होता, मुख्यतः मेक्सिकोतला. बुरशी लागू नये म्हणून त्याला मिथाइल मर्क्युरी चोळलेलं होतं आणि 'हे खायचं नाही' हे कळावं म्हणून गुलाबी रंग दिला होता. पोत्यांवरच्या सूचना मात्र स्पॅनिश आणि इंग्रजीत! बरंचसं बियाणं खेड्यांत पोचलं तेव्हा पेरण्या उरकल्या होत्या. घरात धान्य नाही आणि दारात गव्हाची पोती. लोकांनी गहू धुतला, रंग गेला. रंगाबरोबर विषही गेलं असं वाटलं. काहींनी आधी कोंबड्यांना घालून पाहिला, त्यांना काही झालं नाही. मग रोट्या भाजल्या.

पुढचे काही आठवडे सगळं ठीक होतं. मग ओठांभोवती, हातापायांना मुंग्या, चालताना तोल जाणं, दिसेनासं होणं, ऐकू न येणं... सरकारी आकड्यांनुसार ६,५३० लोक हॉस्पिटलात आले आणि ४५९ तिथे दगावले.

एवढा उशीर का लागला? मिथाइल मर्क्युरी आतड्यातून जवळजवळ पूर्ण, ९५ टक्क्यांच्या आसपास, शोषलं जातं. रक्तात ते सिस्टीन या अमिनो आम्लाला चिकटतं आणि ही जोडी दिसते मेथिओनीनसारखी. मेंदूचा पहारेकरी तिला पौष्टिक माल समजून आत सोडतो. चोरलेला पासवर्डच म्हणा ना! वारेतून बाळापर्यंतही ते असंच पोचतं. यकृत त्याला पित्तातून आतड्यात ढकलतं, पण आतडं त्यातलं बरंचसं पुन्हा शोषून घेतं. इन्फिनिट लूप! आतड्यातले जीवाणू ज्याचं साधं, कमी शोषलं जाणारं रूप करतात, तेवढंच शौचावाटे सुटतं. म्हणून रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला इराकी रुग्णांमध्ये सरासरी ६५ दिवस लागले. रोज रोटी खाणाऱ्याच्या अंगात ते साठतच गेलं.

यावर एक सुंदर उपाय तिथे वापरला गेला. थॉमस क्लार्कसन आणि बगदादच्या डॉक्टरांनी रुग्णांना एक रेझिन खायला दिलं. ते स्वतः शोषलं जात नाही, फक्त आतड्यात आलेला पारा पकडून बाहेर नेतं. थोडक्यात, लूपमध्ये ब्रेक टाकला. रक्तातला पारा भराभर उतरला. मेलेल्या मेंदूपेशी मात्र परत आल्या नाहीत. डीटॉक्सच्या पुड्या विकणारे नेमकं हेच सांगत नाहीत.

आणि आता ती लॉग फाईल. केस वाढताना त्या त्या वेळचा रक्तातला पारा त्यात अडकतो आणि मग तिथेच राहतो. केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो. म्हणजे ९ सेंटिमीटर केसात अख्खं गरोदरपण नोंदलेलं! संशोधकांनी इराकी आयांच्या केसांचे तुकडे करून कोणत्या महिन्यात किती पारा होता ते काढलं. काही आयांना नुसत्या मुंग्या आल्या होत्या, त्याही गेल्या. त्यांची बाळं मात्र मेंदूला कायमची इजा घेऊन जन्माला आली.

हे वाचून मी लॅपटॉप बंद केला आणि थोडा वेळ नुसताच बसलो.

गरोदर बायकांना पाऱ्याबद्दल जे सल्ले मिळतात, त्यांच्यामागच्या अभ्यासात या केसांचाही वाटा आहे. समुद्रातही मिथाइल मर्क्युरी असतं. छोट्या माशाला मोठा खातो, त्याला आणखी मोठा, आणि वरच्या माशात ते साठत जातं. मासे सोडायचे नाहीत, बाळाच्या मेंदूला ते हवेतच. फक्त मोरीसारखे मोठे शिकारी मासे या महिन्यांत नकोत.

असो. रविवारी बाजारातून बांगडे आणले. पाऱ्याची बाटली अजून गॅलरीत आहे, ती कचऱ्यात टाकायची नाही एवढं नक्की. तुमच्याही ड्रॉवरमध्ये जुना थर्मामीटर असेल तर बघा.