अंगातलं जास्तीचं लोह

लहानपणी खेळताना मला धाप लागली, की आजी म्हणायची, ''अंगात लोह नाही पोराच्या. लोखंडी कढईतली भाजी खा.'' लोह म्हणजे ताकद, हे डोक्यात पक्कं बसलेलं. म्हणून हिमोक्रोमॅटोसिसचा इतिहास वाचताना मी चमकलो. या आजारात अन्नातलं लोह गरजेपेक्षा जास्त शोषलं जातं आणि यकृतात, स्वादुपिंडात, हृदयात साचत राहतं. १९३५ साली इंग्लंडमधल्या जोसेफ शेल्डन या डॉक्टरांनी ३११ रुग्णांच्या नोंदी चाळून हा दोष जन्मजात, आनुवंशिक असल्याचं मांडलं. त्यामागचं मुख्य जनुक हाती लागलं थेट १९९६ साली!

बहुधा चाळिशीनंतर कळणारा हा आजार. पण त्याचा एक दुर्मीळ प्रकार कुमारवयातच गाठतो. त्याचं जनुक २००४ साली सापडलं. वयात येणं लांबतं, हृदय कमकुवत होतं, मैदानावरचा मुलगा मागे पडू लागतो. अशा मुलाला आपण काय देऊ? लोहाच्या गोळ्याच! आपल्याकडे रक्तक्षय घरोघरी, तेव्हा डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या जरूर घ्याव्यात. मात्र शंका असल्यास रक्तातलं फेरिटिन तपासलं, की साठा उमगतो.

आणि उपचार? ठराविक दिवसांनी रक्त काढायचं. साचलेलं लोह मग नवं रक्त बनवण्यात खर्ची पडतं. दमलेल्या पोराचं रक्त काढतात, हे आजीला काही पटलं नसतं.