पद्माकर शिवलकर : रसिकांनी जपलेली कारकीर्द
मुंबईचे डावखुरे फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर (१९४०-२०२५) यांनी १२४ प्रथम श्रेणी सामन्यांत ५८९ बळी मिळवले. तथापि, बिशनसिंग बेदी यांच्याच काळात खेळल्याने त्यांना एकही कसोटी खेळता आली नाही. जुने रसिक आजही आठवण काढतात ती १९७२-७३च्या रणजी अंतिम सामन्याची. मद्रासच्या फिरकीला पोषक खेळपट्टीवर त्यांनी तमिळनाडूचे पहिल्या डावात १६ धावांत ८, तर दुसऱ्या डावात १८ धावांत ५ गडी टिपले. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षीही मुंबईने त्यांना पुन्हा पाचारण केले होते. २०१७ मध्ये त्यांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार लाभला. पण 'पॅडी'ला भारताची टोपी मिळाली नाही, ही चाहत्यांची हळहळ कायमच राहिली.