नाव्ह्ये–स्टोक्स समीकरणांचा इतिहास

द्रव व वायू (द्रायू) यांच्या गतीचे वर्णन करणारी अरैखिक आंशिक अवकल समीकरणे. द्रायूच्या प्रत्येक बिंदूपाशी वेग व दाब हे काळानुसार कसे बदलतात, हे ती सांगतात. हवामानाचा अंदाज, विमानाच्या पंखांचा आराखडा, रोहिणीतील रक्ताचा प्रवाह इत्यादींसाठी ही समीकरणे संगणकाच्या साहाय्याने स्थूलमानाने सोडविली जातात. तथापि प्रारंभीची गती सुरळीत असता त्रिमितीय प्रवाहाला पुढील सर्व काळासाठी सुरळीत निर्वाह (उकल) असतोच, असे सिद्ध झालेले नाही. ‘निर्वाह कसा काढावा’ या प्रश्नाचे ‘निर्वाह आहे काय आणि तो एकमेव आहे काय’ या प्रश्नात कसे रूपांतर झाले, हे या समीकरणांच्या इतिहासात दिसते. अरैखिक विश्लेषण या शाखेची वाढही बऱ्याच अंशी या रूपांतराशी निगडित आहे.

उगम : लेनर्ड ऑयलर (१७०७–८३) यांनी १७५७ साली प्रसिद्ध केलेल्या समीकरणांत द्रायूचे अंतर्गत घर्षण विचारात घेतलेले नव्हते. फ्रेंच अभियंते नाव्ह्ये (१७८५–१८३६) यांनी १८२२ मध्ये रेणूंमधील आकर्षण व प्रतिसारण यांविषयीच्या गृहीतकांवरून श्यानतेचे (दाटपणाचे) पद त्यांत आणले. पुढे प्वासाँ (१८२९) व सँ-व्हनां (१८४३) यांनी वेगवेगळ्या मार्गांनी, तर जी. जी. स्टोक्स (१८१९–१९०३) यांनी १८४५ मध्ये रेणूंचा आधार न घेता, केवळ अंतर्गत घर्षणाच्या कल्पनेवरून तीच समीकरणे मिळविली. भिन्न गृहीतकांवरून एकच निष्कर्ष निघाल्याने त्यांविषयीचा विश्वास दृढ झाला.

अरैखिकतेची अडचण : द्रायूचा वेग हा स्वतःच वेगाचे वहन करतो. त्यामुळे समीकरणात वेग व त्याचा अवकलज यांचा गुणाकार येतो आणि दोन निर्वाहांची बेरीज हा निर्वाह राहत नाही. गती अतिशय मंद असेल, तर हे पद वगळता येते. तसे करून स्टोक्स यांनी १८५१ मध्ये सूक्ष्म गोलावरील रोधाचे सूत्र काढले. मिलिकन यांनी इलेक्ट्रॉनाचा विद्युत् भार मोजताना त्याचाच उपयोग केला. गती वाढली की मात्र चित्र पालटते. ऑझ्बर्न रेनल्ड्झ यांनी १८८३ मध्ये काचेच्या नळीतील पाण्यात रंगाची धार सोडून दाखविले की, ठराविक मर्यादेपलीकडे रेषेसारखी सरळ धार एकाएकी विस्कटते व प्रवाह संक्षोभी होतो. श्यानता गतीतील तीव्र फरक पुसू पाहते, तर अरैखिक पद ऊर्जा अधिकाधिक लहान भोवऱ्यांकडे लोटते. या दोहोंत अखेरीस कोणाची सरशी होते, हाच मूळ प्रश्न आहे.

लरे यांचे कार्य : फ्रेंच गणितज्ञ झां लरे (१९०६–९८) यांनी १९३४ मध्ये या प्रश्नाला नवे वळण दिले. प्रत्येक बिंदूपाशी समीकरण पाळले जावे हा आग्रह सोडून ते समाकलांच्या, म्हणजे सरासरीच्या, अर्थाने पाळले जावे, एवढीच अट त्यांनी ठेवली. प्रारंभीची ऊर्जा सांत असल्यास असा ‘दुर्बल’ निर्वाह सर्व काळ अस्तित्वात असतो, हे त्यांनी सिद्ध केले. पण तो सुरळीत व एकमेव असतो काय, हे अनुत्तरित राहिले. त्याच वर्षी त्यांनी पोलिश गणितज्ञ यूल्यूश शाउडर यांच्यासमवेत अरैखिक समीकरणांच्या निर्वाहाचे अस्तित्व संस्थितिविज्ञानाच्या साहाय्याने दाखविणारी पद्धती मांडली. दुसऱ्या महायुद्धाने हे सहकार्य संपविले. शाउडर १९४३ मध्ये नाझींकडून मारले गेले. लरे १९४० ते १९४५ या काळात ऑस्ट्रियातील युद्धबंद्यांच्या छावणीत होते. आपल्या द्रायुयामिकीतील ज्ञानाचा जर्मनांनी उपयोग करून घेऊ नये, म्हणून तेथे त्यांनी केवळ संस्थितिविज्ञानाचे अध्ययन-अध्यापन केले.

उत्तरकालीन संशोधन : एबरहार्ट होप्फ यांनी १९५१ मध्ये लरे यांचा निष्कर्ष सीमाबद्ध क्षेत्राला लागू केला. द्विमितीय प्रवाहाबाबत प्रश्न सुटला. सीमाबद्ध क्षेत्रासाठी रशियन गणितज्ञ ओल्गा लादिझेन्स्काया (१९२२–२००४) यांचे १९५० नंतरच्या दशकातील कार्य निर्णायक ठरले. दोन मितींत भोवरे ताणले जात नाहीत. तीन मितींत ते ताणले जाऊन बारीक होतात व अधिक वेगाने फिरतात. अडचण नेमकी येथे आहे. काफारेली, कोन व नीरेनबर्ग यांनी १९८२ मध्ये दाखविले की, योग्य प्रकारच्या दुर्बल निर्वाहात सुरळीतपणा भंगलाच, तर असे बिंदू अवकाश-कालात एखाद्या वक्ररेषेएवढीही जागा व्यापू शकत नाहीत. २००० साली अमेरिकेतील क्ले गणित संस्थेने या प्रश्नासाठी १० लाख डॉलरचे पारितोषिक जाहीर केले.

त्यानंतरच्या संशोधनाने आशेपेक्षा सावधगिरीच वाढविली आहे. टेरेन्स टाओ यांनी २०१४ मध्ये ऊर्जेचा तोच नियम पाळणारे, पण ज्याचा निर्वाह सांत काळात अमर्याद होतो, असे फेरफार केलेले समीकरण रचले. केवळ ऊर्जेच्या हिशोबावर विसंबून सुरळीतपणा सिद्ध होणार नाही, असा त्याचा अर्थ. बकमास्टर व व्हिकोल यांनी (२०१९) लरे यांच्याहून अधिक दुर्बल निर्वाह एकमेव नसतात, हे दाखविले. ऑल्ब्रिटन, ब्रुए व कोलोंबो यांनी (२०२२) स्थिर द्रायूवर एकाच विशिष्ट बाह्य प्रेरणेची क्रिया होऊनही लरे यांच्या अर्थाचे दोन भिन्न निर्वाह संभवतात, असे सिद्ध केले.

प्रारंभीची स्थिती व प्रेरणा माहीत असल्यास पुढील गती निश्चित होते, ही अभिजात यामिकीची मूळ धारणा होय. ती या समीकरणांना पूर्णपणे लागू पडते काय, हे त्यामुळेच अनिर्णित आहे. अभियंत्यांच्या गणितांना याने प्रत्यक्ष बाध येत नाही. परंतु ज्या समीकरणांवर ती आधारलेली आहेत, ती स्वयंपूर्ण आहेत की अतिसूक्ष्म पातळीवर द्रायूच्या रेणुमय रचनेचा आधार पुन्हा घ्यावा लागेल, हे या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे.